सुईच्या भोकातली अम्मा

पश्चिम मांबलम, चेन्नई
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

सौ. रंजनीअक्कांना,
स्वरदाचा सप्रेम नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर पाहून ते उघडावं की नाही, असा विचार तुम्ही नक्की केला असेल. उघडलंत, त्याबद्दल आभार मानते.

इकडे सगळं ठीक आहे. पाऊस अजून नीट लागलेला नाही. रोज दुपारी नुसतं भरून येतं आणि घामानं जीव नकोसा होतो. खालच्या मजल्यावरचे राघोत्तममामा गेल्या महिन्यात जिन्यात पडले, पण हाड मोडलं नाही. ते भेटले की अजून तुमची चौकशी करतात. अड्यारला विद्यालक्ष्मीमावशींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता त्यांना सगळं स्वच्छ दिसतं आणि त्यामुळे मोलकरणीची पंचाईत झाली आहे. श्रीहरीची गिंडीची नोकरी चालू आहे, माझंही ऑफिसचं काम घरूनच चालतं.

हे पत्र तीन आठवडे लिहिते आहे. पाच वेळा फाडलं. दर वेळी हवापाण्याच्या पुढे गेलं की हात थांबतो. आज मात्र पूर्ण करायचंच म्हणून बसले आहे.

आधी कॅमेऱ्याचं सांगते. तुम्हाला तो श्रीहरीचा खेळ वाटायचा. तो कशासाठी सुरू झाला, हे तुम्हाला कुणी नीट सांगितलंच नाही.

चार वर्षांपूर्वी अम्मांचं विसरणं वाढलं, तेव्हा त्यांना फोनमधले फोटो दाखवायला आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं होतं. नाती, माणसं, जुन्या जागा. पण फोनवर स्वतःचा फोटो पाहिला की अम्मा घाबरायच्या. "ही कोण म्हातारी? हिला घरांत कुणी घेतलं?" म्हणायच्या आणि फोन ढकलून द्यायच्या. एकदा तर त्या म्हातारीला जेवायला वाढू नको म्हणून माझ्यावर रागावल्या.

श्रीहरी कारखान्याच्या टूलरूममध्ये, हत्यारं-साचे बनवण्याच्या खात्यात, काम करणारा माणूस. त्याचे हात रविवारीही स्वस्थ नसतात. तुमच्या अप्पांचा, व्यासरावांचा, जुना फिल्मचा कॅमेरा कपाटात होता. त्याच्या लेन्सला बुरशी आली होती. श्रीहरीनं लेन्स काढून टाकली. तोंडावर बसवायचं जे काळं प्लॅस्टिकचं झाकण असतं, त्याला मधोमध भोक पाडलं. कोल्ड्रिंकच्या डब्याच्या पत्र्याचा नखाएवढा तुकडा कापला, पॉलिश पेपरनं घासून घासून कागदासारखा पातळ केला आणि त्याला सुईच्या टोकानं एक छिद्र पाडलं. तो तुकडा झाकणाच्या भोकावर आतून चिकटवला. झाली लेन्स. काच नाही, काही नाही. मी त्याला हसले होते.

पहिला रोल सगळा काळा आला. दुसऱ्यात एक फोटो उमटला. खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या अम्मा. सुईच्या भोकातून येणारं चित्र जवळचं-लांबचं सगळं सारखंच मऊ असतं. सुरकुत्या दिसत नाहीत, चेहऱ्याची ठेवण तेवढी दिसते. श्रीहरीनं तो फोटो भीतभीतच त्यांच्या हातात दिला. अम्मांनी तो उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "ही मीच. बरी दिसतें गे."

त्या दिवशी तुमचा भाऊ मोरीत जाऊन रडला.

त्यानंतर दर रविवारी फोटो. एवढ्याशा भोकातून उजेड यायला वेळ लागतो, म्हणून चाळीस सेकंद न हलता बसावं लागे. मला वाटलं होतं, अम्मांना ते जमणार नाही. पण तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई ती. त्या स्वतःच मोजायच्या. एक, दोन, तीन, अगदी सावकाश, चाळीसपर्यंत. मग विचारायच्या, "झालं का रे?" श्रीहरी "झालं" म्हणाला की मगच हलायच्या. तुमची विद्युलता ही आपली नात हे त्यांना आठवत नव्हतं, पण आकडा कधी चुकला नाही.

एकदाच त्या मधेच उठल्या होत्या. त्या फोटोत त्या धुरासारख्या आल्या, त्यांच्यातून खुर्चीची पाठ दिसत होती. श्रीहरीनं तो तुम्हाला पाठवला आणि तुम्ही फोन करून ओरडलात, जिवंत माणसाचं भूत कशाला करतोस म्हणून. तो फोटो त्यानं फाडला. मग त्यानं तसंच झाकण आपल्या व्हिडिओच्या कॅमेऱ्याला बनवलं, म्हणजे अम्मा हलल्या तरी चालेल. चित्र फार अंधारं यायचं, वाळू उडाल्यासारखं. खिडकीचं किंवा दाराचं ऊन असेल तेवढंच दिसायचं. पण अम्मांना ते आवडायचं. रोज सकाळचं ऊन हॉलमध्ये आलं की तो कॅमेरा स्टँडवर लावून सोडून द्यायचा.

आता त्या शनिवारचं. १३ मे २०२३, कत्तरीचं ऊन, वर्षातलं सगळ्यात कडक.

तुम्हाला जे माहीत आहे ते असं. श्रीहरी अकराच्या सुमारास कॅमेरा चालू करून, चिकटवायची टेप आणायला खाली गेला. अम्मांचा हात पोचू नये म्हणून दाराला अगदी वर एक कडी बसवली होती. ती लावायला तो मला सांगून गेला नाही. अम्मा निघून गेल्या. मला काही वेळानं दार उघडं दिसलं, मी ते लावून घेतलं. अम्मा आतल्या खोलीत झोपल्या असतील, असं मला वाटलं. श्रीहरी परत आला आणि आम्ही शोधायला लागलो.

मी हे पोलिसांना सांगितलं, मावशींना सांगितलं, आणि तुम्ही कोइम्बतूरहून आलात तेव्हा तुम्हालाही सांगितलं. तिसऱ्या दिवशी सरकारी रुग्णालयात अम्मा सापडल्या. अड्यारच्या पुलाच्या अलीकडे रस्त्यात पडलेल्या कुणा अनोळखी बाईला लोकांनी तिथं नेलं होतं. चपला घरीच होत्या. तळपायांवरचे फोड पाहून तुम्ही चादर ओढून ते झाकलेत. त्या पुलापलीकडच्या आपल्या शाळेकडे निघाल्या होत्या. मे महिन्यात, शाळा बंद असताना. आपण पोचलो तेव्हा त्या गेल्या होत्या.

तेराव्या दिवशी तुम्ही सगळ्यांदेखत श्रीहरीला म्हणालात, "तुझ्या त्या भोकांच्या खेळापायी अम्मा गेली." मी स्वयंपाकघराच्या दारात पानं घेऊन उभी होते. श्रीहरी म्हणाला, "होय अक्का. माझंच चुकलं." तुम्ही जेवला नाहीत, तशाच स्टेशनवर गेलात. त्यानंतर वर्षश्राद्धालाही आला नाहीत.

मी पानं वाढली.

मधल्या काळात मी कशी होते ते सांगायला नको, पण सांगते. त्या शनिवारी बसले होते त्याच हॉलमधल्या टेबलाशी, दाराकडे पाठ करून काम करायचे. कॉल चालू असताना मागून कुणीतरी मोजतंय असं वाटायचं. आमच्या बार्शीहून आई आली, तिला सांगितलं. ती म्हणाली, शेजारच्या शाळेतली पोरं असतील. आमच्या शेजारी शाळा नाही, अक्का. मी टेबल फिरवून भिंतीला लावलं, म्हणजे दार समोर दिसेल. मग दाराकडे बघत राहायचे. कामात चुका व्हायला लागल्या तेव्हा टेबल परत फिरवलं. तरी कडी दिवसातून वीस वेळा तपासायचे. मी समजायचे, हे दुःख आहे. माणूस गेलं की असंच होतं.

श्रीहरीनं सगळी झाकणं, पत्रे, कॅमेरे एका पेटीत भरून माळ्यावर टाकले होते. दोन वर्षं आम्ही नवरात्रातल्या गोलूच्या बाहुल्याही मांडल्या नाहीत. यंदा विद्यालक्ष्मीमावशी म्हणाल्या, पुरे झालं, माझ्या बहिणीच्या, सरोजाच्या बाहुल्या आहेत त्या, अंधारात ठेवू नका. म्हणून अमावस्येच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी शिडी लावून माळ्यावर चढले. बाहुल्यांच्या पेटीमागे ती पेटी होती.

मी ती उघडायला नको होती असं म्हणणार नाही. व्हिडिओचा कॅमेरा चार्जिंगला लावला. अम्मांची सकाळ बघावी, एवढंच मनात होतं. आतल्या सगळ्या क्लिप पुसलेल्या होत्या, कार्ड भरलं की श्रीहरी जुन्या पुसायचाच. एकच होती. तिच्यावर किल्लीचं छोटं चिन्ह होतं. चुकून पुसली जाऊ नये म्हणून मुद्दाम कुलूप घातल्याची ती खूण.

तारीख १३ मे.

तो कॅमेरा आवाजही पकडतो, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

अक्का, आता जे दिसलं आणि ऐकू आलं ते जसंच्या तसं लिहिते. सुरुवातीला काळोख. डावीकडे खिडकीच्या उन्हाचा चौकोन, त्यात खुर्चीचा हात आणि अम्मांचा खांदा. माझा आवाज, पुण्याच्या ऑफिसशी बोलताना. कॉल तातडीचा नव्हता. माझी कामातली एक चूक निघाली होती आणि ती माझी नाही हे पटवण्यात मी गुंतले होते. मग श्रीहरी म्हणतो, "स्वरदा, खाली जाऊन येतो. कडी लाव." आणि मी म्हणते, "हो."

मी हो म्हणाले होते. तो सांगून गेला होता.

थोड्या वेळानं खुर्ची वाजते. दार उघडतं. बाहेरच्या गॅलरीत ऊन होतं, म्हणून एकदम पांढरा उभा चौकोन दिसतो आणि त्यात अम्मा. अम्मा म्हणतात, "जाऊन येतें गे, स्वरदा." आणि मी, वळून न बघता, म्हणते, "या."

माझा आवाज वैतागलेला नाही. तसा असता तर बरं झालं असतं. रोज कुणीही निघालं की आपण म्हणतो तसा आहे.

त्या लगेच गेल्या नाहीत, अक्का. उंबऱ्यातून मागे बघताना त्यांना कॅमेरा दिसला असावा. त्या वळल्या, पदर सारखा केला आणि सरळ उभ्या राहिल्या. मोजायला लागल्या. एक. दोन. तीन. माझं बोलणं चालूच आहे, त्याच्या मागे त्यांचं मोजणं. मी अठ्ठावीसच्या सुमाराला कॉलवर हसतेसुद्धा. अम्मा अजिबात हलत नाहीत. इतक्या स्थिर की त्या अंधाऱ्या चित्रात तेवढ्याच स्वच्छ दिसतात. चाळीस झाल्यावर त्या विचारतात, "झालं का रे?"

कुणी उत्तर देत नाही.

त्या आणखी थोडं थांबतात. मग पांढऱ्या चौकोनात नुसतं ऊन राहतं.

बारा मिनिटांनी मी दाराशी येताना दिसते. दार लावते आणि वरची कडी घालते. अम्मांच्या खोलीत जात नाही. परत येऊन टेबलाशी बसते. नंतर बेल वाजते. श्रीहरीचा आवाज, "अम्मा कुठंय?" आणि मी म्हणते, "तू दार उघडं टाकून गेलास."

पहिलं वाक्य माझं ते. शोधायला जायच्याही आधीचं.

तुम्ही विचाराल, मला हे आठवत नव्हतं का? दोन वर्षं मी स्वतःला सांगत होते की नव्हतं. खरं सांगायचं तर आठवत होतं. शब्द नव्हते आठवत, पण काहीतरी विचारलं गेलं आणि मी उत्तर दिलं, एवढं माहीत होतं. मोजणंही कानावर पडलं होतं. मला वाटलं, श्रीहरी परत आला आणि फोटो काढतोय. ज्या क्षणी त्यानं अम्मा कुठंय म्हटलं, त्या क्षणी मला सगळं कळलं होतं. म्हणूनच मी इतक्या पटकन बोलले.

संध्याकाळी श्रीहरी गिंडीहून आला. कॅमेरा मी जेवणाच्या टेबलावर ठेवला होता. त्यानं तो पाहिला, बूट काढले, हात धुवून आला.

"चार्ज केलास?"

"हो."

"पाहिलंस?"

"पाहिलं. तू कधी पाहिलंस?"

"तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी."

मी विचारलं, मग बोलला का नाहीस? तो खुर्ची ओढून बसला. म्हणाला, "तू सांगशील असं वाटलं. कित्येक महिने मांबलमला ट्रेनमधून उतरलो की वाटायचं, आज घरी गेल्यावर सांगेल. मग वर्ष झालं. मग भीती वाटायला लागली, तू सांगितलंस तर काय करायचं म्हणून."

"पण अक्कांसमोर स्वतःवर कशाला घेतलंस?"

"तेव्हा मला खरंच वाटत होतं की माझं चुकलं. तुला हाक मारली की नाही, माझं मलाच आठवेना. तू म्हणालीस मारली नाही, म्हणून मी धरून चाललो. दुसऱ्या दिवशी हे पाहिलं. तोवर अक्का कोइम्बतूरला पोचली होती. तिला फोन करून काय सांगू? मी नाही, माझी बायको?"

"आणि ही क्लिप का ठेवलीस?"

"अम्माचा आवाज माझ्याकडे तेवढाच आहे," तो म्हणाला. "पुसता येईना, आणि ऐकताही येईना."

मी त्याची माफी मागितली. तो "सरि" म्हणाला आणि उठून गेला. सोळा-सतरा वर्षांच्या संसारात त्याचं "सरि" मला कळतं. हे ठीक आहे म्हणणारं नव्हतं. बाहुल्या आम्ही मांडल्या, शेजारणी आल्या, त्यांना हरभऱ्याचं सुंडल दिलं, हळदीकुंकू झालं. घरात आम्ही कामापुरतं बोलत होतो. सहाव्या दिवशी डबा भरताना तो एकाएकी म्हणाला, "मी रागावलो नाही असं समजू नकोस. खूप रागावलोय. अडीच वर्षं रागावलोय. पण घर सोडून जायचं म्हटलं तर जाऊ कुणाकडे? मला आता आहे कोण?"

अक्का, त्याला तुम्ही होतात. आई गेल्यावर त्याला एक बहीण होती, ती मी माझ्या एका वाक्यासाठी त्याच्याकडून काढून घेतली. तुमचा राग खोटा नव्हता, पण तो चुकीच्या माणसावर होता, आणि तो तिथं राहावा म्हणून मी गप्प बसले. अम्मांना "या" म्हणणं ही चूक होती. ती कुणाच्याही हातून झाली असती, असं श्रीहरी म्हणतो. पण तेराव्याला पानं वाढणं ही चूक नव्हती. तेव्हा मी शुद्धीवर होते.

मावशींना गेल्या बुधवारी अड्यारला जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मला कॉफी दिली, पण स्वतः घेतली नाही. जाताना म्हणाल्या, "मला कशाला सांगतेस? मी काय करूं? रंजनीला सांग." आणि मग, सांगावं की नको असं करत, विद्युलताचं लग्न तै महिन्यात, संक्रांतीनंतर, ठरल्याचं त्यांनी सांगितलं. आम्हाला बोलावणं नाही, हेही सांगितलं.

ते मी घरी येऊन श्रीहरीला सांगितलं नाही, असं झालं नाही. या वेळी लगेच सांगितलं. तो ऐकून उठला. नंतर कपाटात काहीतरी शोधत बसला. मी पाहिलं तर विद्युलता सहा महिन्यांची असताना त्याच्या मांडीवर बसवून तिचे कान टोचले, त्या वेळचा फोटो होता. आम्हाला मूल झालं नाही. त्यानं कुणा लहान जीवाला अंगाखांद्यावर खेळवलं असेल तर तिलाच.

म्हणून हे मागणं आहे. त्याला बोलवा. मामाचा मान त्याचा आहे. पत्रिका पाठवू नका, फोन करा. तुमच्या आवाजाची त्याला फार गरज आहे, आणि तो स्वतःहून कधीही करणार नाही. मी लग्नाला येणार नाही. त्याच्याबरोबर कुणी का नाही आलं असं कुणी विचारलं, तर खरं कारण सांगितलंत तरी माझी ना नाही.

तुमच्या मनात माझ्याबद्दल आता जे काही येईल, ते मला मिळू द्या. पोलिसांत मी जे लिहून दिलं होतं ते बदलायचं असेल, तर एका वकिलांना विचारलं आहे. ते जे सांगतील ते करीन.

ती क्लिप या पत्राबरोबर पाठवलेली नाही. तुम्ही मागितलीत तर श्रीहरी स्वतः घेऊन येईल. एकट्यानं पाहू नका. चित्रापेक्षा आवाज सोसायला अवघड आहे.

पत्र लिहिते आहे हे श्रीहरीला माहीत आहे. वाचून दाखवू का म्हणून विचारलं, तर म्हणाला, "नको. तुला जे लिहायचं ते लिही. अक्काला काय वाटायचं ते अक्काचं." तो आत्ता गॅलरीत झाडांना पाणी घालतो आहे. तब्येत तशी बरी आहे, पण बारीक झाला आहे. डोक्यावरचे केस बरेच गेले. तुम्ही पाहाल तेव्हा दचकू नका.

आजवर तुम्हाला लिहिलेल्या प्रत्येक पत्राखाली मी "तुमची भावजय" असं लिहीत आले. ते नातं मी तुमच्या भावाच्या जिवावर टिकवलं, म्हणून आज नुसतं नाव लिहिते.

स्वरदा